घाऊक डोमेनखरेदीसाठी रजिस्ट्रार निवडताना

एखाद-दुसरे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, घ्यायचे असेल तर रजिस्ट्रार, म्हणजे ते नोंदवून देणारी कंपनी, कोणता असावा यावर फार डोके खपवण्याचे कारण नसते. कोणत्याही नावाजलेल्या ठिकाणी घेतले तरी वर्षाकाठी काही डॉलरांचाच फरक पडतो, आणि काही बिनसलेच तर ते एका नावापुरते निस्तरता येते. शंभर किंवा तीनशे नावे एकदम घ्यायची ठरली की मात्र सगळा हिशेब बदलतो, कारण एका नावामागे नगण्य वाटणारी प्रत्येक गोष्ट संख्येने गुणली जाते: नूतनीकरणाचा तीन डॉलरांनी चढा दर, नेमसर्व्हर (नाव कोणत्या संगणकाकडे वळवायचे ते सांगणारा सर्व्हर) बदलण्यासाठी लागणाऱ्या चार जादा क्लिक, नाव दुसरीकडे हलवण्याचा कोड एकेका नावासाठी वेगळा मागावा लागणे. म्हणून घाऊक खरेदीसाठी रजिस्ट्रार पारखताना मी पहिल्या वर्षाचा जाहिरातीतला दर सर्वांत शेवटी पाहतो. आधी दुसऱ्या वर्षीचे बिल किती येईल ते काढतो, मग नावे तिथून बाहेर काढणे किती सोपे आहे ते तपासतो, आणि त्यानंतर खरेदीच्या सोयींकडे वळतो. नेमचीप, डायनाडॉट, नेमसायलो, पोर्कबन, क्लाउडफ्लेअर आणि गोडॅडी या सहा रजिस्ट्रारांचा येथे याच दृष्टीने विचार केला आहे.

दराचे गणित समजून घेतल्याशिवाय कोणाची सवलत खरी आणि कोणाची दिखाऊ हे कळत नाही. रजिस्ट्रार हा या धंद्यातला किरकोळ विक्रेता. डॉट कॉमची मूळ नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते आणि प्रत्येक नावामागे दरवर्षी रजिस्ट्रारकडून ठरावीक रक्कम घेते. ही रक्कम बरीच वर्षे ७.८५ डॉलरवर थांबलेली होती; सप्टेंबर २०२१ पासून दर सप्टेंबरला वाढत ती १ सप्टेंबर २०२४ रोजी १०.२६ डॉलर झाली. त्यावर आयकॅन या डोमेन-व्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेचे शुल्क बसते, जे जुलै २०२५ मध्ये १८ सेंटवरून २० सेंट झाले. दोन्ही मिळून १०.४६ डॉलर होतात. याचा अर्थ असा की, हा दर असताना डॉट कॉम त्याहून स्वस्त देणारा रजिस्ट्रार प्रत्येक नावावर पदरचे पैसे घालत असतो, आणि कोणताही धंदा कायम पदरमोड करून चालत नाही. तो तोटा नूतनीकरणातून, गोपनीयतेच्या (मालकाची माहिती जाहीर नोंदीत झाकण्याच्या) शुल्कातून किंवा खरेदीच्या गाडीत (कार्टमध्ये) न मागता टाकलेल्या ईमेल-होस्टिंगमधून भरून काढला जातो. दोन-तीन नावांवर अशी सवलत पदरात पाडून घेणे शहाणपणाचे आहे. तीनशे नावांवर तीच सवलत दुसऱ्या वर्षी अंगावर येते.

नव्या एक्स्टेन्शनांमध्ये, म्हणजे नावाच्या शेवटी डॉट कॉमच्या जागी येणाऱ्या नव्या शब्दांमध्ये, हा धोका कितीतरी मोठा आहे. आयकॅनने २०१२ मध्ये अर्ज मागवून सुरू केलेल्या कार्यक्रमातून बाराशेहून अधिक नवी एक्स्टेन्शने आली. डॉट कॉमच्या घाऊक दरावर करारानुसार मर्यादा आहे, तशी या एक्स्टेन्शनांना नाही. डॉट ऑर्गवरची मर्यादाही २०१९ मध्ये उठली. पहिल्या वर्षी एका डॉलरला मिळणारे नाव दुसऱ्या वर्षी तीस डॉलर मागू शकते. समजा अशी दोनशे नावे घेतली, तर खरेदीच्या दिवशी दोनशे डॉलर जातात आणि वर्षाने सहा हजारांचे बिल समोर येते. यात फसवणूक कोणी केलेली नसते, दर पानावर लिहिलेला असतो. फक्त तो कुठे आणि केवढ्या अक्षरांत लिहिला आहे यावरून रजिस्ट्रारची नियत ओळखावी. या बाबतीत पोर्कबनला पूर्ण गुण द्यावे लागतील, कारण नाव शोधतानाच पहिल्या वर्षाचा आणि नूतनीकरणाचा असे दोन्ही दर तिथे शेजारी-शेजारी दिसतात. ‘प्रीमियम’ नावांची गोष्ट याहून नाजूक आहे. रजिस्ट्रीने ज्या नावांवर चढा दर लावला आहे, त्यांपैकी काहींचे नूतनीकरणही दरवर्षी त्याच चढ्या दराने होते, आणि शंभर ओळींच्या गाडीत असे एखादे नाव सहज नजरेतून सुटते. गाडीतील नावे दराच्या उतरत्या क्रमाने लावता येत असतील तर ती सोय वापरावी. नसेल तर यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवून दर तपासावेत.

येथे एक तरतूद सांगण्यासारखी आहे, कारण ती खरेदीदारांच्या फारशी कानावर जात नाही. नव्या एक्स्टेन्शनांच्या रजिस्ट्रीला नूतनीकरणाचा दर वाढवण्यापूर्वी १८० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, आणि त्या मुदतीत जुन्या दराने दहा वर्षांपर्यंत नूतनीकरण करण्याची मुभा ठेवावी लागते. मात्र ही सूचना रजिस्ट्रारला मिळते, तुम्हाला नव्हे. जो रजिस्ट्रार ती वेळेवर ग्राहकांपर्यंत पोहोचवतो, त्याच्याकडे दर थोडा जास्त असला तरी मोठ्या संख्येने नावे बाळगणाऱ्याचा एकूण खर्च कमी होऊ शकतो. आगामी दरवाढी जाहीर करण्याची त्यांची रीत काय आहे, हा प्रश्न खरेदीआधी मदत-विभागाला जरूर विचारावा. उत्तरावरून मदत-विभागाचीही परीक्षा होते, आणि त्या विभागाविषयी मला वेगळे काही लिहायचे नाही.

या कसोटीवर क्लाउडफ्लेअरचा दावा सर्वांत सरळ आहे. २०१८ पासून ही कंपनी रजिस्ट्री आणि आयकॅन यांना जे द्यावे लागते तेवढ्याच दरात नावे देते, आणि नूतनीकरणालाही तोच दर लावते. परंतु सर्वसाधारण खात्यात तिथे घेतलेल्या नावाला क्लाउडफ्लेअरचेच नेमसर्व्हर वापरावे लागतात. ज्याची संकेतस्थळे आधीच त्यांच्या सेवेवर चालतात त्याला याचे काहीच वाटणार नाही. पण नावे विक्रीसाठी ठेवून ती विक्री-बाजाराच्या नेमसर्व्हरकडे वळवायची असतील, किंवा वेगवेगळ्या ग्राहकांसाठी वेगवेगळ्या होस्टिंगकडे द्यायची असतील, तर स्वस्ताई असूनही हा पर्याय बाद होतो. शिवाय सर्व एक्स्टेन्शने तिथे मिळत नाहीत, त्यामुळे मिश्र यादी असेल तर काही नावांसाठी दुसरे दार ठोठवावेच लागते.

डायनाडॉट आणि नेमसायलो यांची रचना घाऊक ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून केलेली जाणवते. डायनाडॉट वर्षभरातील तुमच्या एकूण खर्चानुसार दराच्या वरच्या श्रेणीत नेतो, तर नेमसायलोकडे नावांची संख्या वाढते तसा दर उतरतो. वरवर सारख्या वाटणाऱ्या या दोन पद्धतींत व्यवहारात फरक पडतो. जो एकदाच मोठी खरेदी करून पुढे केवळ नूतनीकरण करणार आहे त्याला संख्येवर आधारलेली सवलत सोयीची. जो वर्षभर थोडी-थोडी भर घालत राहतो त्याला खर्चावर आधारलेली श्रेणी लाभते, फक्त पुढच्या वर्षी खरेदी मंदावली तर श्रेणी टिकेल का हे विचारून ठेवावे. गोडॅडीकडे सवलतीचे दर हवे असतील तर सदस्यत्वाचे शुल्क वेगळे भरावे लागते. मोठ्या संख्येवर ते वसूल होऊ शकते, पण सवलत मिळण्यासाठी आधी पैसे मोजणे मला व्यक्तिशः रुचत नाही आणि तिथल्या गाडीतील जोड-विक्रीचा मारा सहन करण्याची ताकदही माझ्यात नाही. नेमचीपचे कूपन-दर आकर्षक असतात, मात्र एक कूपन किती नावांना लागू होते याची मर्यादा बारीक अक्षरांत असू शकते. घाऊक खरेदीदाराने हिशेब कूपनाशिवायच मांडावा. गोपनीयतेसाठी नेमचीप, पोर्कबन, नेमसायलो आणि डायनाडॉट पैसे आकारत नाहीत. आजही त्यासाठी नावागणिक रक्कम मागणारा रजिस्ट्रार भेटला तर तिथे थांबण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे येऊ. घाऊक शोधाची पेटी बहुतेकांकडे आहे. नावे एकाखाली एक चिकटवायची, एक्स्टेन्शने निवडायची आणि उपलब्ध नावांची यादी घ्यायची. नेमचीपचा ‘बीस्ट मोड’ एका वेळी ५,००० शब्द किंवा नावे तपासतो, त्यांना पुढे-मागे शब्द जोडून पाहतो आणि किमतीनुसार गाळूनही देतो. निव्वळ शोधासाठी मला तो सर्वांत आवडला. लॅटिन सोडून अन्य लिपीतील नावे यादीत असतील तर थोडी दक्षता घ्यावी. अशी नावे मूळ यंत्रणेत ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघा यांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात नोंदली जातात, आणि घाऊक पेटीत मूळ लिपी चालते की हे रूपच द्यावे लागते हे ठिकाणागणिक बदलते. आधी एकच नाव टाकून निकाल पाहावा, मग उरलेली यादी.

शोध आणि खरेदी यांत दिवस जाऊ देऊ नयेत, असा माझा आग्रह आहे. २००८ च्या जानेवारीत नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी तिच्या संकेतस्थळावर शोधलेली नावे स्वतःच चार दिवसांसाठी राखून ठेवत असल्याचे उघड झाले होते, आणि त्यावर बराच गदारोळ झाला. पुढे आयकॅनने नियम बदलून या प्रकारातला आर्थिक फायदाच काढून घेतला, त्यामुळे आज घाबरून जाण्याचे कारण नाही. तरीही शोध घेतलेली यादी आठवडाभर तशीच पडू दिली तर त्यातील काही चांगली नावे योगायोगानेही दुसऱ्याच्या हाती जातात.

ज्या नियमबदलाचा उल्लेख वर केला त्याचा घाऊक खरेदीदाराशी थेट संबंध आहे. डॉट कॉमसारख्या एक्स्टेन्शनांमध्ये नोंदणीनंतर पाच दिवस नाव रद्द करून पैसे परत मिळवण्याची सवलत रजिस्ट्रारला असते. पूर्वी काही मंडळी लाखो नावे नोंदवून, पाच दिवस त्यावरील रहदारी पाहून, नको असलेली फुकटात सोडून देत. आता महिन्यात रद्द केलेली नावे निव्वळ नव्या नोंदणीच्या दहा टक्क्यांपेक्षा किंवा पन्नास नावांपेक्षा, यांतील जे अधिक असेल त्याहून, वाढली की रजिस्ट्रारला वरच्या नावांचे पैसे परत मिळत नाहीत. साहजिकच रजिस्ट्रार ही सवलत ग्राहकाला हात राखून देतात. डायनाडॉटवर अशी रद्द करण्याची सोय मर्यादेसह आहे. काही ठिकाणी ती मुळीच नाही. शंभर नावांच्या यादीत एखाद्या अक्षराची चूक होणे अगदी स्वाभाविक असल्याने, चुकलेल्या नावाचे काय होते हे पैसे भरण्याआधी माहीत असावे.

पैसे भरणे हा भाग क्षुल्लक वाटतो, पण माझ्या अनुभवात सर्वाधिक मनस्ताप त्यानेच दिला आहे. एका रजिस्ट्रारकडे मोठी ऑर्डर कार्डावर दिली असता काही नावे नोंदली गेली, उरलेली ‘प्रक्रिया सुरू आहे’ या शेऱ्याखाली अडकली आणि फसवणूक-तपासणीसाठी खातेच गोठवले गेले. ओळखपत्र पाठवून ते मोकळे होईपर्यंत यादीतील दोन बरी नावे दुसऱ्याने घेतली. नव्या खात्यातून अचानक आलेली मोठी ऑर्डर संशयास्पद दिसते, हे रजिस्ट्रारच्या बाजूने पाहिले तर रास्तच आहे. म्हणून खाते आधी उघडून, ओळख-पडताळणी उरकून, दहा-पंधरा नावांची पहिली खेप घ्यावी आणि मोठी खरेदी खात्यात आगाऊ भरलेल्या रकमेतून करावी. ही रक्कम मात्र लागेल तेवढीच ठेवावी. रजिस्ट्रारकडे पडून असलेला पैसा परत मागण्याची वाट सहसा लांबची असते.

एपीआयने, म्हणजे स्वतःच्या प्रोग्राममधून थेट रजिस्ट्रारच्या यंत्रणेला विनंती पाठवून, खरेदी करणाऱ्यांनी अटी वाचून घ्याव्यात. नेमचीपला त्यासाठी खात्यात किमान २० डोमेन, किंवा ५० डॉलर शिल्लक, किंवा गेल्या दोन वर्षांत तेवढा खर्च लागतो, आणि ज्या आयपी पत्त्यावरून विनंती येणार तो आधी नोंदवावा लागतो. गोडॅडीने २०२४ मध्ये लहान खात्यांचा एपीआय-प्रवेश अचानक आवळला आणि कित्येकांच्या चालू असलेल्या स्क्रिप्ट बंद पडल्या. ज्यांचे काम एपीआयवर अवलंबून आहे त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. नेमचीपची चाचणीसाठीची वेगळी व्यवस्था या कामी फार उपयोगी पडते, कारण खरे पैसे न गुंतवता संपूर्ण स्क्रिप्ट चालवून पाहता येते.

खरेदीनंतर पंधरा दिवसांच्या आत नोंदवलेल्या ईमेलची किंवा फोनची पडताळणी झाली पाहिजे, असा आयकॅनचा नियम आहे. ती न झाल्यास नाव निलंबित होऊ शकते. एकच संपर्क सर्व नावांना लावला असेल तर एका दुव्यावर क्लिक करून काम भागते, आणि त्याच कारणाने तो एक मेल स्पॅममध्ये गेला तर सगळीच नावे एका दिवशी बंद पडतात.

अशीच गोष्ट मुदत संपण्याची. एकाच दिवशी घेतलेल्या तीनशे नावांची मुदत एकाच दिवशी संपते, आणि त्या दिवशी कार्ड नाकारले गेले तर तीनशेही नावे एकदम धोक्यात येतात. मुदतीनंतर बहुतेक सर्वसाधारण एक्स्टेन्शनांत रजिस्ट्रारच्या धोरणानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांचा सवलतीचा काळ मिळू शकतो, त्यापुढे ३० दिवस नाव सोडवून घेता येते, पण त्या टप्प्यावरचे शुल्क नूतनीकरणाच्या कित्येक पट असते. मग पाच दिवसांनी नाव सर्वांसाठी खुले होते. या ४५ दिवसांतील किती दिवस रजिस्ट्रार प्रत्यक्षात ग्राहकाला देतो, हे त्याच्या अटींत शोधावे. मुदतीआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर, तसेच मुदत संपल्यावर पाच दिवसांत, अशा तीन सूचना पाठवणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. तीनशे नावांच्या त्या नऊशे मेल वेगवेगळ्या आल्या तर कोणीही वाचणार नाही. एकत्रित यादी पाठवणारा रजिस्ट्रार येथे आपोआप सरस ठरतो. खरेदीच्या वेळीच तिसरा हिस्सा नावे दोन वर्षांसाठी नोंदवली तर पुढच्या वर्षीचे बिलही विभागले जाते.

बाहेर पडण्याची वाट ही माझी दुसरी मोठी कसोटी. नव्याने नोंदवलेले नाव पहिले ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सहसा नेता येत नाही, आणि मालकाचे नाव किंवा ईमेल बदलल्यावरही असेच कुलूप लागू शकते, जे नाकारण्याचा पर्याय काही रजिस्ट्रार देतात. हलवताना प्रत्येक नावाला वेगळा कोड लागतो. हे सर्व कोड एका सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलीत उतरवून घेता येतात का, आणि सर्व नावांवरील कुलूप एका फटक्यात काढता येते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरावर स्थलांतर एका दुपारचे काम ठरते की महिन्याचे. डायनाडॉट आणि नेमसायलो येथे सुटसुटीत आहेत. हलवण्याचा खर्चही ध्यानात घ्यावा: सर्वसाधारण एक्स्टेन्शनांत स्थलांतरासोबत एका वर्षाचे शुल्क भरावे लागते आणि मुदत वर्षाने वाढते, म्हणजे पैसे वाया जात नाहीत, पण तीनशे नावांच्या एकेका वर्षाचे पैसे एकदम काढावे लागतात. त्याच रजिस्ट्रारच्या दुसऱ्या खात्यात नाव ढकलणे मात्र सहसा फुकट असते, आणि नावे विकणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची आहे.

एवढा विचार कशासाठी, असे वाटत असेल तर २०२३ हे एकच वर्ष पाहावे. गूगलने आपला डोमेन-व्यवसाय स्क्वेअरस्पेसला विकला आणि सुमारे एक कोटी नावे ग्राहकांनी न निवडलेल्या रजिस्ट्रारकडे गेली. त्याच वर्षी गांडी या रजिस्ट्रारची मालकी बदलली, दर वाढले आणि नावासोबत मोफत मिळणाऱ्या मेलपेट्यांना पैसे पडू लागले. त्याआधी २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय हा रजिस्ट्रार कोसळला तेव्हा आयकॅनने त्याची मान्यता काढली आणि लाखो नावे अखेर गोडॅडीकडे सोपवावी लागली. त्यानंतर ग्राहकांच्या नोंदींची प्रत त्रयस्थाकडे ठेवण्याच्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तरी आपल्या नावांची आणि मुदतींची स्वतःची यादी दर महिन्याला उतरवून ठेवणे कोणालाच जड नाही.

नावे दोन रजिस्ट्रारांत विभागावीत असे मी सुचवतो, आणि त्यामागे आणखी एक कारण आहे. एप्रिल २०२४ पासून फिशिंग, मालवेअर यांसारख्या गैरवापराचा पुरावा मिळताच कारवाई करणे रजिस्ट्रारांना करारानेच बंधनकारक झाले आहे. एका वेळी घेतलेली, एकमेकांशी साधर्म्य असलेली शेकडो नावे स्पॅम करणाऱ्यांच्या खरेदीसारखीच दिसतात. त्यातील एका नावावरील संकेतस्थळात कोणी घुसखोरी केली आणि तक्रार झाली, तर कारवाई त्या नावापुरती राहील की संपूर्ण खाते गोठेल, हे रजिस्ट्रारच्या स्वभावावर ठरते. द्विस्तरीय सुरक्षा सर्वच सहा ठिकाणी आहे. ती सुरू न करता शंभर नावे एका पासवर्डवर ठेवणे अक्षम्य आहे. देशनिहाय एक्स्टेन्शने घेणाऱ्यांनी तर त्या-त्या देशाचे नियम स्वतंत्रपणे वाचावेत: डॉट ईयूसाठी युरोपीय संघाशी संबंधित पात्रता लागते, आणि ब्रिटन बाहेर पडल्यावर २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या हजारो मालकांची नावे निलंबित झाली होती.

माझी निवड सांगायची तर मिश्र यादी, वारंवार खरेदी-विक्री आणि एपीआय यांची गरज असेल तर डायनाडॉट पहिला. एकदा घेऊन वर्षानुवर्षे सांभाळायची साधी नावे असतील तर नेमसायलो किंवा पोर्कबन, त्यातही नव्या एक्स्टेन्शनांसाठी पोर्कबन. सर्व संकेतस्थळे क्लाउडफ्लेअरवरच चालणार असतील तर सरळ तिथे जावे. नेमचीप शोधासाठी आणि मध्यम आकाराच्या खात्यासाठी उत्तम. गोडॅडी मी घाऊक खरेदीसाठी घेणार नाही, पण लिलावातून नावे मिळवणाऱ्यांना तिथले खाते ठेवावेच लागते. स्वतःच रजिस्ट्रार होण्याची कल्पना काहींना मोहवते; आयकॅनची मान्यता घ्यायला अर्जाचे ३,५०० डॉलर आणि पुढे दरवर्षी ४,००० डॉलर लागतात, त्याशिवाय प्रत्येक रजिस्ट्रीशी वेगळा करार, तांत्रिक जोडणी आणि नोंदींची प्रत ठेवण्याची व्यवस्था. नावागणिक एक डॉलर वाचतो असे धरले तरी केवळ वार्षिक शुल्क भरून निघायला चार हजार नावे हवीत, आणि तेवढी नावे असलेल्या ग्राहकाशी वर उल्लेख केलेले बरेच रजिस्ट्रार दराबाबत स्वतंत्रपणे बोलायला तयार असतात.